मेहरूआपांचं भूत

यंदा थंडी उशिरा आली. दिवाळी उलटली तरी घरातले पंखे फिरत होते. मग एका सकाळी पुंडलिकनगरातला आमचा दूधवाला कानाला मफलर गुंडाळून दारात उभा राहिला आणि मला वाटलं, आले नाटकांचे दिवस. हा हिशेब माझ्या डोक्यातून कधी गेलाच नाही. थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, बोरं आठवतात, कुणाला गोधडीतली ऊब आठवते. मला दाढीमिशा चिकटवायच्या डिंकाचा वास येतो. कोळशाच्या इस्त्रीखाली तापलेल्या जरीचा वास येतो. माझ्या वाट्याला नाटकाचा हिवाळा एकच आला, एकोणीस वर्षांची असताना. त्या एका हिवाळ्याच्या शिदोरीवर मी पुढं सगळी नोकरी काढली, शाळेत गणित शिकवत.

पण यंदाचा हिवाळा मी रागात काढला. साठीच्या बाईनं इतका राग धरू नये, असं घरचे म्हणतात. मी धरते.

झालं असं की, शहरातलं लाकडी थेटर दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. पाटीवर त्याचं नाव वेगळं आहे, पण रंगमंचापासून सज्ज्यापर्यंत सगळं सागवानाचं, म्हणून जुनी माणसं त्याला लाकडी थेटरच म्हणतात. बांधलेलं निजामाच्या अमदानीतलं. मधली कितीतरी वर्षं त्याला कुलूप होतं आणि आत कबुतरांचा संसार चालू होता. ते उघडल्याच्या आनंदात तिथं आठवडाभर बाहुल्यांचा एक खेळ ठेवला होता, ‘लाकडी थेटरची लाडकी भुतं’. पूर्वी त्या थेटरात वावरलेली माणसं भुतं होऊन येतात आणि आपल्या वेळच्या गमती सांगतात, अशी त्यातली कल्पना. खेळ बसवणारा ओंकार तिशीतला, मोठा उत्साही आणि गोड बोलणारा. पावसाळ्यात तो जुन्या आठवणी गोळा करायला माझ्याकडंही येऊन गेला होता. टेबलावर फोन ठेवून त्यानं दोन तास माझं बोलणं टिपलं. मी त्याला पोहे केले. आपल्या त्या एका हिवाळ्याला इतक्या वर्षांनी कुणीतरी कान देतंय, याचं मला अप्रूप वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

पहिल्या दिवशीच गेले. जांभळा उजेड, यंत्रातून सोडलेला धूर, आणि त्यात कमरेएवढ्या उंचीच्या कळसूत्री बाहुल्या. टिकल्या, पिसं, चकाकते कागद, केरसुणीच्या काड्यांच्या लांबच लांब पापण्या. सगळंच मुद्दाम भडक केलेलं. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी मनापासून हसले. नाटक कंपनीच्या मालकाचं भूत आलं, त्याच्या मिशा दर वाक्याला गळून पडत होत्या. पडद्यामागून नटांना वाक्यं पुरवणाऱ्या गुरुजींचं भूत आलं, ते भिंतीलाही वाक्यं पुरवत होतं. दिव्यांचं काम बघणाऱ्या रामकिसनचं भूत आलं, डोक्याच्या जागी बल्ब. शेजारची बाई माझ्या खांद्यावर हात मारून हसत होती, मी तिच्या.

मग एक बाहुली आली. हिरव्या चकाकत्या कापडाची, तोंडाला पानाचा लालभडक रस, गळ्यात ताईतांची माळ, हातात स्वतःपेक्षा मोठी कात्री. तिचं नाव होतं खालाजान. ती रंगमंचभर नटांच्या मागं पळत होती, त्यांची धोतरं ओढत होती आणि चिरक्या आवाजात, “हाय अल्ला, हमारा नाडा किधर गया रे,” म्हणून ओरडत होती. निवेदकानं सांगितलं, ही लाकडी थेटरातली कपडेवाली. मेली तरी हिचा जीव नाड्यात अडकलाय.

सगळं थेटर हसलं. शेजारच्या बाईनं पुन्हा माझ्या खांद्यावर हात मारला. या वेळी मी तिला परत थाप मारली नाही.

ती बाहुली म्हणजे मेहरूआपा होती.

मेहरूआपा म्हणजे लाकडी थेटरचा अख्खा कपडेपट. रंगमंचाच्या डाव्या अंगाला एक अंधारी खोली होती, तिथं राजांचे अंगरखे, शिपायांच्या बंड्या, नऊवार लुगडी, शालू, सगळं खुंट्यांना आणि ट्रंकांमध्ये. आपांचे यजमान शिंपी होते. ते अकाली गेले आणि त्यांचं काम आपांनी उचललं. तेव्हा त्या पस्तिशीच्या असतील. उंच, सडपातळ, अंगावर कायम फिकट सुती साडी, तोंडात टाचण्या. पान त्यांनी आयुष्यात खाल्लं नाही, कारण पानाचा एक थेंब पडला तर कापड फुकट जातं. खोलीत कुणी पान खाऊन आलं तर त्याला चूळ भरून यायला सांगायच्या, मग तो मालक का असेना.

त्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजनं स्पर्धेसाठी ऐतिहासिक नाटक घेतलं होतं आणि मी त्यात राणी होते. घरी सांगितलेलं नव्हतं. वडील कोर्टात कारकून, कडक माणूस. महिनाभर मी त्यांना मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते असं सांगत होते. तालमीवरून परतताना गुलमंडीच्या बोळातून वारा असा अंगावर यायचा की दात वाजायचे. मला मात्र ती थंडी हवीहवीशी वाटायची. गालाला लावलेला रंग मी आपांच्या खोलीत खोबरेल तेलानं पुसून जायची. पुसताना त्या म्हणायच्या, कानामागं राहिलाय, घरी कान आधी बघतात.

स्पर्धेच्या दिवशी पहिला अंक संपला. दुसऱ्या अंकासाठी मी शालूत उभी होते, आपा पाठीमागं बसून माझ्या चोळीचे हूक लावत होत्या, आणि दारात वडील येऊन उभे राहिले. कुणी सांगितलं त्यांना, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, चल घरी. मी निघालेही होते.

आपांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या आणि उठून दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या.

“साहेब, पोरगी तुमची हाय. तिच्या अंगावरचे कपडे माझे हायेत,” त्या म्हणाल्या. “नाटक झाल्याबिगर मी कपडे उतरवू देत नसते. अन् माझे कपडे थेटराबाहेर जात नाहीत.”

वडील नियमाचा माणूस. नियमापुढं ते गप्प झाले. त्यांनी तिथंच, आपांनी दिलेल्या स्टुलावर बसून, पडद्याच्या फटीतून दुसरा आणि तिसरा अंक पाहिला. नाटक झालं. वडिलांनी सायकलवर मागं बसवून मला घरी नेलं, आणि त्यानंतर पुन्हा कधी थेटरात जाऊ दिलं नाही. माझं आयुष्यभराचं नाटक ते दोन अंक. मला ते मिळाले, कारण एक बाई चौकटीतून हलली नाही.

हे सगळं मी ओंकारला सांगितलं होतं. डोळे पुसत सांगितलं होतं. आणि त्यानं त्यातून काय काढलं, तर नाडा.

खेळ संपल्यावर मी त्याला गाठलं. त्याला वाटलं मी शाबासकी द्यायला आलेय. मी विचारलं, हे काय केलंस? त्याचं म्हणणं, ताई, थट्टा सगळ्यांचीच आहे, हा खेळच तसा आहे, भुतांना हसून आपण त्यांना नमस्कार करतोय. मी म्हटलं, मालकाच्या भुताच्या मिशा पडतात, पण शेवटी त्याला दोन पानांचं स्वगत आहे. त्याच्यावर निळा प्रकाश येतो, लोक डोळे पुसतात. आपांना काय आहे? तो जरा चाचरला. मग म्हणाला, पात्राला रंग तर द्यावा लागतो. त्या कशा बोलायच्या ते तुम्ही सांगितलंच नाही.

ते खरं होतं. मी त्यांचा नियम सांगितला होता, पण माझ्या तोंडून तो शुद्ध पुस्तकी होऊन आला होता. तरीही मी म्हटलं, म्हणून तू मेलेल्या बाईच्या तोंडात असलं काहीही घालणार? हे म्हणताना माझा मलाच धक्का बसला, आणि मी विचारलं, पण त्या गेल्या हे तुला कुणी सांगितलं?

“तुम्हीच ना, ताई,” तो म्हणाला.

त्यानं फोन काढला, बरंच मागं-पुढं केलं आणि माझाच आवाज मला ऐकवला. कपबशीचा आवाज, पंख्याची घरघर, आणि मी अगदी सहज बोलतेय: “आपा आता कुठल्या असायला? गेल्या असतील बिचाऱ्या.”

पुढच्या दोन रात्री मला तो ‘बिचाऱ्या’ झोपू देत नव्हता. मी कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. लग्न झालं, नोकरी लागली, बदल्या झाल्या, मुलं झाली, आणि या सगळ्याच्या कुठल्यातरी वळणावर मी एका जिवंत माणसाला मनातल्या मनात पुरून मोकळी झाले होते. वर त्याच्या आठवणीनं डोळेही पुसत होते.

त्यांना शोधायला मला किती वेळ लागला? पंधरा मिनिटं. गुलमंडीतल्या लेस-बटणांच्या दुकानात गेले. त्या काळी हूक तिथूनच यायचे. म्हाताऱ्या दुकानदारानं वरही न बघता सांगितलं, मेहरूआपा? त्या लेकीकडं असतात वैजापूरला. ईदच्या आधी येतात ना लेस घ्यायला. घरापासून हे दुकान मला दहा रुपयांच्या रिक्षेवर होतं.

दुसऱ्या दिवशी वैजापूरची यष्टी धरली. बाजार समितीकडं वळणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, गाडी थांबत थांबत गेली. आपांची लेक नसीम शाळांचे गणवेश शिवते. ओट्यावर मशीन, आणि मशीनशेजारी उन्हात खुर्ची टाकून आपा बसलेल्या. पंचाहत्तरी उलटलेली, डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी हाताशी बटणांचा डबा. मी समोर उभी राहिले. त्यांनी मला खालून वर बघितलं. म्हणाल्या, विद्या ना? अंगानं भरलीस.

चहा झाला. मग मी सगळं सांगितलं. सांगताना वाक्यं गाळत होते, ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, असं नको. ती काय बोलती, कशी चालती, करून दाखव.

मी नको म्हटलं. त्या ऐकेनात. मग मी त्या ओट्यावर उभी राहिले, साडीचा पदर खोचला, आणि खालाजान केली. ते पळणं, ती काल्पनिक कात्री, ते “हाय अल्ला”. नसीमचं मशीन थांबलं. चाळीस वर्षांनी मी पुन्हा नटी झाले ती अशी, ज्या बाईमुळं मला दोन अंक मिळाले तिचंच सोंग तिच्या तोंडावर करत.

आपा हसल्या नाहीत. डब्यातली बटणं चाळत राहिल्या.

“मी तुमच्याशी मराठी बोलायची. घरात दखनी बोलते,” त्या म्हणाल्या. “हे जे तू बोललीस ते कुठल्याच घरात कुणी बोलत नाय.”

मग त्यांनी विचारलं, मी मेले असं त्या खेळवाल्यांना का वाटलं. मी सांगितलं, माझ्यामुळं. आपण काय बोललो तेही सांगितलं, शब्द न गाळता.

“इथून दर अर्ध्या तासाला गाडी हाय तिकडं,” आपा म्हणाल्या. “तिकडून बी तेवढ्याच येत्यात. चाळीस वर्षांत तुला एक बी नाय घावली?”

त्यांनीच पुढं विचारलं, शेवटचा खेळ कधी आहे. रविवारी संध्याकाळी, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, येते.

रविवारी त्या नसीमबरोबर आल्या. फिकट निळी साडी, वर शाल. ओंकारचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो वाकून पाया पडला, खरोखरच हेलावला होता. त्यानं घाईघाईनं ठरवलं की खेळानंतर आपांचा सत्कार करायचा, शाल आणि नारळ देऊन. आपांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, शाल मला हाय. बाहुलीचं बोलणं बदल. तो म्हणाला, आवाज आधीच टिपलेले आहेत आपा, आता काही बदलता येणार नाही. त्यांनी विचारलं, बंद करता येतो का? येतो, तो म्हणाला. मग बंद कर, आपा म्हणाल्या, अन् मला तो माइक दाखव.

मी पहिल्या रांगेत बसले होते. खालाजान आली, हिरवी, लालभडक तोंडाची. लोक आधीच हसायला लागले, आठवडाभरात तिची कीर्ती झाली होती. पण ती पळाली नाही. दोऱ्या धरणारा तिला मधोमध स्थिर धरून उभा राहिला. आणि एक शांत, किंचित खरखरीत आवाज आला.

“माझं नाव मेहरुन्निसा. चोवीस वर्षं या थेटरचे कपडे मी सांभाळले. मी मेले नाय. मी वैजापूरला असते.”

थेटर फुटलं. इतका हशा त्या आठवड्यात झाला नव्हता. भूत पत्ता सांगतंय! मागून कुणीतरी शिट्टी मारली. मला वाटलं उठावं आणि एकेकाच्या मुस्काटात द्यावी. खरं सांगितलेलं यांना विनोद वाटतं, आणि खोट्यावर यांनी आठवडाभर तिकिटं काढली.

मग आपा काळ्या पडद्यामागून बाहेर आल्या. नसीमचा हात त्यांनी धरला नव्हता. हळूहळू चालत त्या बाहुलीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्या जांभळ्या उजेडात. बाहुली त्यांच्या कमरेला लागत होती. हसू एका बाजूनं विझत गेलं, वारा पडावा तसं. आपा नुसत्या उभ्या राहिल्या, लोकांना नीट दिसेल इतका वेळ.

नंतर टाळ्या सुरू झाल्या. सगळे उठून उभे राहिले. त्या टाळ्यांचाही मला राग आला. पाच मिनिटांपूर्वी हीच माणसं नाड्यावर हसायला तयार बसली होती, आणि आता आपल्या मोठेपणानं स्वतःच गहिवरली होती. पण मी कुणाला बोलणार? पहिल्या दिवशी बल्बच्या डोक्याला मीही शेजारणीच्या खांद्यावर थापा मारून हसले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ‘भूत अवतरले’ असा मथळा, आणि खाली आपांचं नाव चुकलेलं.

खेळ पुढं दुसऱ्या गावांना जायचा होता. ओंकारनं आपांची बाहुली काढून टाकली, हे त्याच्या बाजूनं नोंदवते. मी त्याच्याकडून बाकीच्या सहा भुतांची नावं मागून घेतली आणि प्रत्येकापुढं विचारलं, हा गेला हे कशावरून? कुणीतरी म्हणालं होतं, एवढंच तो सांगू शकला. मग उरलेली थंडी मी त्या कागदामागं फिरले. मालक गेलेले होते, त्यांचा तर पुतळाच आहे. गुरुजी गेलेले होते, आणखी दोघेही. दारावरचा नामदेव मात्र यंदाच्याच दिवाळीत गेला, चिकलठाण्याला, मुलाकडं. म्हणजे ओंकार आठवणी गोळा करत माझ्याकडं पोहे खात होता तेव्हा तो होता. चार मैलांवर होता. त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला नाही, ओंकारला नाही. त्याचा मुलगा दारात उभा राहून मला म्हणाला, “तात्या लई गप्पिष्ट होते, कुणी आलंच नाय.”

उरला रामकिसन, बल्बच्या डोक्याचा. तो वेरूळजवळ पुतण्याच्या शेतावर असतो असं कळलं. मी आपांना फोन केला. त्या म्हणाल्या, मी बी येते.

थंडीचे शेवटचे दिवस. लेण्यांकडं जाणाऱ्या बसगाड्या मागं टाकून आमची रिक्षा कच्च्या वाटेला लागली. ज्वारी हुरड्याला आली होती, बांधावर कुणी आगटी पेटवली होती, हवेत भाजल्या कणसांचा वास. झोपडीपुढच्या बाजेवर एक वाळकुडा म्हातारा बसला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मला त्यानं ओळखलं नाही, ते साहजिकच. पण आपांकडं बघून तो बाजेवरून उठायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. तोंड उघडं राहिलं. मग हात जोडून म्हणाला, आपा, मला वाटलं तुम्ही कवाच गेल्या.

मेहरूआपांचा चेहरा कठीण झाला. चोवीस वर्षं या माणसानं त्यांच्या खोलीत बसून डबा खाल्ला होता.

“तुला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

रामकिसननं खरंच विचार केला.

“कुणीच नाय,” तो म्हणाला. “इतकी वर्षं कुणी काही सांगितलंच नाय. म्हून वाटलं.”